विकल्प आणि विवेक : निवृत्तिलाभांच्या निवडीचा महाराष्ट्रातील इतिहास

प्रस्तावना

नोकरदाराला आपले वेतन स्वतः ठरवता येत नाही. परंतु वेतनाबरोबर मिळणाऱ्या लाभांपैकी कोणता स्वीकारावा, हे ठरवण्याची संधी त्याला सेवाकाळात एखाद-दुसऱ्या वेळी मिळते. कार्यालयीन भाषेत या संधीला ‘विकल्प’ असे म्हणतात. एक छापील नमुना, त्यावर दोन-तीन पर्याय, खाली स्वाक्षरी आणि एक अंतिम तारीख, एवढेच विकल्पाचे बाह्य स्वरूप असते. ‘एकदा दिलेला विकल्प अंतिम राहील’ हे वाक्य त्यावर बहुधा असतेच. निवृत्तीनंतरची वीस-पंचवीस वर्षे आणि मृत्यूनंतर कुटुंबाची स्थिती त्या कागदावर अवलंबून असते. तरीही वेतन आयोगांच्या इतिहासाकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे विकल्पांच्या इतिहासाकडे दिले गेलेले नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशी निवड दरवर्षी करावी लागते. आरोग्यविम्याची कोणती योजना घ्यावी, हे तेथील नोकरदार साधारणपणे शरद ऋतूतील काही आठवड्यांत ठरवतो आणि चूक झाल्यास बहुतेक बाबतींत पुढील वर्षी ती सुधारतो. आपल्याकडील निवड क्वचित येते आणि बहुधा कायमची असते. त्यामुळे येथे चुकीची किंमत अधिक मोठी आहे.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंतच्या अशा निवडींचा आढावा रत्नागिरी जिल्हा व महाराष्ट्र यांच्या संदर्भात घेतला आहे. ज्यांची निवड पुढे चुकीची ठरली ते अविचारी होते काय, आणि नसतील तर त्यांचे गणित कोठे बिघडले, हे दोन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

कृपेचे निवृत्तिवेतन

रत्नागिरी जिल्ह्यातील शेतीने येथील कुटुंबांना वर्षभर पुरेल एवढे क्वचितच दिले. त्यामुळे लष्कर, पोलीस, सरकारी कचेऱ्या आणि पुढे मुंबईच्या गिरण्या हे येथील माणसांचे उपजीविकेचे मार्ग झाले. दापोलीच्या लष्करी ठाण्याच्या परिसरात निवृत्त सैनिकांची वस्ती झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच राहिले. गोपाळबाबा वलंगकर हेही तेथे स्थायिक झालेले पेन्शनर. ठरावीक तारखेला हाती येणारी रोख रक्कम हे या वस्तीचे वैशिष्ट्य होते. मुलांचे शिक्षण आणि सार्वजनिक कार्य यांना त्या रकमेचा आधार मिळाला.

१८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. या घटनेकडे सामाजिक प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु भरती थांबली म्हणजे पुढील पिढीचे निवृत्तिवेतनही थांबले, ही तिची आर्थिक बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

या काळात निवडीला वाव नव्हता. १८७१ च्या पेन्शन कायद्यानुसार सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनासंबंधी दिवाणी न्यायालयात सरळ दावा करता येत नसे. त्यासाठी जिल्हाधिकारी वा तत्सम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागे. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा आहे, ही धारणा त्यामागे होती. खाजगी शिक्षणसंस्थांत वेगळी रीत होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन मिळाले. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ या काळात त्याच महाविद्यालयात गणित शिकवत होते. या पिढीने त्यागाची निवड केली. लाभांमध्ये निवड करण्याचा प्रसंग तिच्यापुढे आला नाही. तो प्रसंग भविष्य निर्वाह निधीची पद्धत रुजल्यानंतर आला.

रेल्वेतील विकल्प आणि त्याचा धडा

निधीची कल्पना सोपी आहे. कर्मचारी दरमहा वर्गणी भरतो, मालक तेवढीच भर घालतो आणि निवृत्तीच्या दिवशी सव्याज रक्कम एकदम हाती येते. निवृत्तिवेतनात अशी मोठी रक्कम दिसत नाही. मात्र दरमहा ठरावीक उत्पन्न आयुष्यभर मिळते. पहिल्या पद्धतीत दीर्घायुष्याचा व महागाईचा धोका निवृत्त माणूस पत्करतो, दुसरीत तो मालकाकडे जातो. पुढील सर्व विकल्पांचे मर्म या एका भेदात आहे.

रेल्वेत पूर्वापार निधीची पद्धत होती. १६ नोव्हेंबर १९५७ च्या आदेशाने तेथे निवृत्तिवेतन योजना आली. नव्याने सेवेत येणाऱ्यांना ती बंधनकारक होती. १ एप्रिल १९५७ रोजी सेवेत असलेल्यांना विकल्प देण्यात आला. पुढील तीन दशकांत ही संधी वारंवार पुन्हा खुली करण्यात आली. तरीही अनेकांनी निधीच कायम ठेवला.

त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यापुढील परिस्थिती पाहिली पाहिजे. १९५७ मध्ये निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले नव्हते. मृत्यूनंतर कुटुंबाला व्यापक संरक्षण देणारी कुटुंब निवृत्तिवेतन योजना १९६४ मध्ये आली. देशातील सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास अवघे ३२ वर्षांचे होते. गावी घर बांधायचे, मुलीचे लग्न करायचे, सावकाराचे देणे फेडायचे, तर एकरकमी पैसा हवा. या स्थितीत निधी निवडणे शहाणपणाचे वाटणे स्वाभाविक होते.

या गणितात दोन त्रुटी राहिल्या. पहिली आयुर्मानाची. जन्मवेळचे सरासरी आयुर्मान बालमृत्यूंमुळे खाली ओढले जाते. जो मनुष्य निवृत्तीच्या वयापर्यंत पोचला, त्याचे उरलेले आयुष्य त्या सरासरीवरून मोजता येत नाही. दुसरी त्रुटी अधिक महत्त्वाची. दोन्ही पर्यायांचे नियम आज आहेत तसेच राहतील, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर निवृत्तिवेतनाला महागाई निर्देशांकाची जोड मिळाली, कुटुंब निवृत्तिवेतन विस्तारले आणि प्रत्येक वेतन आयोगाबरोबर योजना सुधारत गेली. निधी घेतलेल्या माणसाचे नाते मात्र रक्कम मिळाली त्या दिवशीच संपले होते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा प्रकरणात निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे असा निर्णय दिला, तेव्हा निधी घेतलेल्या रेल्वे निवृत्तांच्याही आशा पल्लवित झाल्या. परंतु कृष्ण कुमार प्रकरणात १९९० मध्ये घटनापीठाने त्यांची मागणी नाकारली. निवृत्तिवेतनधारक आणि निधीधारक हे एकाच वर्गातील नाहीत, निधी दिल्यावर शासनाचे दायित्व संपते, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईच्या रेल्वे कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवून कोकणात परतलेल्या निधीधारकांनाही हाच नियम लागू झाला.

मौनाचा अर्थ

विकल्पाचा नमुना भरलाच नाही तर काय होते, हा प्रश्न साधा दिसतो. इतिहासात तो फार निर्णायक ठरला आहे. चौथ्या वेतन आयोगानंतर केंद्र शासनाने १ मे १९८७ रोजी काढलेल्या आदेशात याविषयी स्पष्ट तरतूद होती. १ जानेवारी १९८६ रोजी सेवेत असलेले निधीधारक कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आले असे मानले जाईल. ज्यांना निधीच हवा असेल त्यांनी ३० सप्टेंबर १९८७ पर्यंत तसे कळवावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ज्याने विचार करून, वेळेत, सुवाच्य अक्षरात निधी मागितला, तो निवृत्तिवेतनाला मुकला. ज्याचा नमुना टेबलाच्या खणात राहून गेला, त्याला ते मिळाले. या आदेशातून उद्भवलेला दिल्ली विद्यापीठातील शिक्षकांचा वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, म्हणजे एका नमुन्याची छाया पस्तीस वर्षे टिकली.

मौनाच्या या सामर्थ्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. ब्रिजिट मॅड्रियन व डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका अमेरिकी कंपनीतील निवृत्तिनिधीविषयी संशोधन प्रसिद्ध केले. कर्मचाऱ्यांना आपोआप योजनेत घेऊन नको असल्यास बाहेर पडण्याची मुभा दिली, तेव्हा सहभाग लक्षणीय वाढला. शिवाय बहुतेकांनी कंपनीने गृहीत धरलेला वर्गणीचा दर व गुंतवणुकीचा प्रकार तसाच ठेवला. निवड न करणे हीसुद्धा निवड असते, आणि तिचे फळ योजना आखणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

महाराष्ट्रातील शिक्षक आणि अध्यापक

अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासन निर्णयाने निवृत्तिवेतन मिळाले. १ एप्रिल १९६६ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू झाले. अशासकीय अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांना त्यासाठी आणखी दीड दशक थांबावे लागले. २१ जुलै १९८३ च्या शासन निर्णयाने १ ऑक्टोबर १९८२ पासून महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना ही योजना लागू झाली. तोवर ते अंशदायी भविष्य निर्वाह निधीचे सभासद होते, म्हणून येथेही विकल्पाचा प्रश्न आला.

हा विकल्प देणारा वर्ग सुशिक्षित होता, त्यात अर्थशास्त्राचे व वाणिज्याचे अध्यापकही होते. तरीही निधी हाच लाभदायक मानणारे त्यात होते. निवृत्तिवेतन घ्यायचे तर निधीतील मालकाचा हिस्सा सोडावा लागे. डोळ्यांसमोरची रक्कम सोडून न दिसणारे मासिक उत्पन्न स्वीकारणे मनाला जड जाते. त्यातच पुढील काळातील व्याजदरांनी निधीची बाजू बळकट केली. १९९० च्या दशकात कर्मचारी भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के व्याज मिळत होते. २०२३-२४ या वर्षासाठी ते ८.२५ टक्के होते. काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्याने १० लाख रुपये १२ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख २० हजार रुपये येतील. दर ८ टक्क्यांवर आला की तेच उत्पन्न ८० हजार होईल, आणि त्याच काळात बाजारातील किमती वाढलेल्या असतील. निवडीच्या दिवशीचा व्याजदर पुढील वीस वर्षे टिकेल, असे कोणीच लिहून दिलेले नसते.

निवड एकाची, परिणाम दुसऱ्यावर

कोकणातील चाकरमानी मुंबईत आणि त्याचे कुटुंब गावी, ही व्यवस्था शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली. मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरात कमावणारा माणूस कोणत्या योजनेचा सभासद आहे, नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे, विकल्प कोणता दिला आहे, हे घरातील स्त्रीला ठाऊक असण्याची शक्यता कमी होती. निवडीचा परिणाम मात्र तिलाच भोगावा लागे.

केंद्र शासनाच्या १९६४ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत हे स्पष्ट दिसते. त्या योजनेसाठी कर्मचाऱ्याला आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम सोडावी लागे. ज्यांनी योजना स्वीकारली नाही किंवा जे आधीच निवृत्त झाले होते, त्यांच्या विधवा वंचित राहिल्या. २२ सप्टेंबर १९७७ पासून ही वर्गणी रद्द झाली, तरी जुन्या विधवांचा प्रश्न सुटला नाही. पूनामल प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आल्यावर त्यांना त्याच तारखेपासून लाभ मिळाला. पतीने वाचवलेल्या दोन महिन्यांच्या वेतनाची किंमत पत्नीने अनेक वर्षे मोजली होती.

गिरणी कामगारांच्या बाबतीतही असाच प्रसंग आला. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कक्षेत आरंभी जे सहा उद्योग आले, त्यांत कापड उद्योग होता. १ मार्च १९७१ पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, तेव्हा जुन्या सभासदांना तीत जाण्याचा विकल्प होता. वर्गणीचा काही भाग या योजनेकडे वळता होणार असल्याने निधीतील रक्कम थोडी कमी होत असे. स्वतःची रक्कम शाबूत ठेवावी की अकाली मृत्यू झाल्यास पत्नीला आधार मिळावा, असा हा प्रश्न होता.

१६ नोव्हेंबर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने तिची जागा घेतली. एस. टी. महामंडळासह अनेक आस्थापनांचे कर्मचारी या योजनेखाली येतात. तिच्यातील वाढीव निवृत्तिवेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय दिला. त्यानंतर पात्र कर्मचाऱ्यांना संयुक्त विकल्पाची संधी मिळाली. तिची मुदत ३ मार्च २०२३ पासून वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. जुन्या नोंदी, मालकाची संमती आणि निधीतून परत भरावी लागणारी मोठी रक्कम अशा तीन गोष्टी कर्मचाऱ्याला थोड्या महिन्यांत जुळवायच्या होत्या. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाच खऱ्या अर्थाने निवड करता आली.

१ नोव्हेंबर २००५ नंतर

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदानाची पद्धत आली. या तारखेनंतर सेवेत आलेल्या अध्यापकांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होतो. या पिढीला आरंभी विकल्प मिळाला नाही. नेमणुकीच्या तारखेनेच तिची योजना ठरवली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी केलेल्या संपामागे हीच भावना होती.

त्यानंतर निवडीचे दार पुन्हा किलकिले झाले. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, परंतु नेमणूक नंतर झाली, अशा राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने सहा महिन्यांचा एकवेळचा विकल्प मिळाला. केंद्र शासनाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रीय योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, किमान दहा वर्षांच्या सेवेला दरमहा १० हजार रुपये, जोडीदाराला ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आणि महागाईनुसार वाढ अशा तरतुदी आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी विकल्पाची मुदत ३० जून २०२५ होती; ती प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत व नंतर ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली.

१९५७ चा प्रश्न येथे नव्या रूपात दिसतो. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत शासकीय कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते, उरलेली रक्कम हाती येते. बाजार चढला तर लाभ त्याचा आणि पडला तर तोटाही त्याचा. एकीकृत योजनेत उत्पन्न निश्चित आहे. परंतु संचित रक्कम वारसांसाठी त्याच प्रमाणात उरत नाही. ज्याची सेवा २५ वर्षे भरणार आहे व जोडीदार त्याच्यावर अवलंबून आहे, त्याचे उत्तर एक असेल. ज्याची सेवा उशिरा सुरू झाली किंवा जो मध्येच नोकरी सोडण्याच्या विचारात आहे, त्याचे उत्तर वेगळे असू शकेल. महाविद्यालयीन अध्यापकांत पदव्युत्तर शिक्षण, पात्रता परीक्षा आणि तासिका तत्त्वावरील वर्षे यांमुळे नियमित नेमणूक बहुधा उशिरा होते. म्हणून ‘अर्हताकारी सेवा किती’ हा प्रश्न आपल्या वर्गासाठी विशेष जिव्हाळ्याचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ज्यांची निवड पुढे चुकीची ठरली, त्यांतील अनेकांनी त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर योग्य विचार केला होता. दोन्ही पर्याय पुढे बदलू शकतात, ही शक्यता त्यांच्या गणितात नव्हती.

२. कोणती रक्कम मोठी, यापेक्षा दीर्घायुष्य, महागाई व बाजार यांचा धोका कोणाकडे राहतो, ही कसोटी अधिक विश्वसनीय आहे.

३. नमुना न भरल्यास काय मानले जाईल, हे वाक्य नमुन्यात सर्वप्रथम वाचले पाहिजे. १९८७ मध्ये मौनाचा अर्थ निवृत्तिवेतन असा होता.

४. विकल्पावर स्वाक्षरी एकाची असली, तरी त्यापूर्वी जोडीदाराशी चर्चा होणे आवश्यक आहे. नामनिर्देशन आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांचा हिशेब त्याच वेळी व्हावा.

५. दिलेल्या विकल्पाची पोचपावती स्वतःजवळ ठेवावी व सेवापुस्तकातील नोंद पडताळून पाहावी. अनेक वर्षांनी उद्भवलेल्या वादांत तोच पुरावा उरतो.

समारोप

विकल्प म्हणजे स्वातंत्र्य, असे सामान्यतः मानले जाते. परंतु अपुरी माहिती, अल्प मुदत आणि अंतिमतेची अट यांसह दिलेला विकल्प हा पुष्कळदा जबाबदारी कर्मचाऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा मार्ग ठरतो. म्हणून विवेकाची अपेक्षा केवळ नोकरदाराकडून करून भागणार नाही. परिपत्रक फलकावर लावून स्वाक्षऱ्या घेण्यापलीकडे जाऊन प्रत्येक महाविद्यालयाने, विद्यापीठाने व प्राध्यापक संघटनेने प्रत्येकाची सेवा, वय व कुटुंब ध्यानात घेऊन दोन्ही पर्यायांचा तुलनात्मक हिशेब मराठीत मांडून दाखवला पाहिजे. दापोलीच्या पेन्शनर सैनिकाला आपले निवृत्तिवेतन निवडता आले नाही. रेल्वेतील कामगाराला निवडता आले, पण समजावून सांगणारे कोणी नव्हते. आपल्या हाती निवड आहे आणि तिच्यामागे जवळजवळ सात दशकांचा अनुभवही आहे. पुढील नमुन्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो अनुभव एकदा वाचून घेतला, तर ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.